चार कोर आणि घरतसाहेब

“मशीन कुठलंही असू दे, मला फक्त त्याच्यासमोर उभं करा. फुल लोडवर पळवलं नाही तर नावाचा दिनानाथ घरत नाही!”

तळोज्याच्या कारखान्यात चोवीस वर्षं सुपरवायझरकी करताना घरतसाहेबांनी हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं होतं, की शिफ्टमधली पोरं ते त्यांच्या आधीच म्हणून मोकळी व्हायची. रिकामा माणूस किंवा रिकामं मशीन दिसलं की साहेबांच्या अंगावर पित्त उठायचं. ते शेडमध्ये शिरले की ज्याच्याकडे काम नसेल तो झाडू उचलायचा. झाडू संपले की उरलेले लोक झाडणाऱ्याला ‘इकडे राहिलं, तिकडे राहिलं’ असं दाखवत उभे राहायचे. घरीही तीच तऱ्हा! एकदा मिक्सर अर्धाच भरून लावला म्हणून त्यांनी भावनावहिनींना अर्धा तास व्याख्यान दिलं. तेवढ्यात वहिनींची चटणी वाटून झाली, भाकऱ्या झाल्या आणि जेवणही उरकलं.

तर अशा माणसाला दोन हजार दहा सालातल्या एका रविवारी घरच्यांनी काम दिलं, ते काहीही न करण्याचं. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

त्या दिवशी साहेबांच्या सासूबाईंचा, गव्हाणच्या गंगाबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. पनवेलात लाइन आळीजवळ हॉल घेतला होता. दोनशे माणसांचं मटण शिजायचं होतं. गंगाबाई म्हणजे एकवीस वर्षांत जावयाकडे साधी लवंगसुद्धा न मागितलेली बाई. पण या वेळी त्यांनी मागितलं होतं.

“मना साडी नको, सोना नको,” त्या म्हणाल्या होत्या. “यांना एकडाव चालताना बगायचाय, बस.”

‘हे’ म्हणजे जोमाबाबा, साहेबांचे सासरे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. फोटो होते चार-पाच, पण फोटोतला माणूस चालत नाही. हलणारे जोमाबाबा जगात एकाच ठिकाणी शिल्लक होते, ते म्हणजे साहेबांच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. डोक्याला फेटा बांधून, वरातीच्या पुढे, हात हलवत, ढांगा टाकत! कॅसेटला बुरशी लागली होती. साहेबांच्या मुलीने, मोनालीने, ती कुठून कुठून साफ करून आणली, कॉम्प्युटरमध्ये भरली, आणि आजीच्या सगळ्या आयुष्याचीच अठ्ठेचाळीस मिनिटांची फिल्म बनवली. साहेबांना काय, फक्त शब्द द्यायचा होता. तो त्यांनी दणक्यात दिला.

“आई, भिंतीएवढे मोठे चालताना दाखवतो! दोनशे माणसांसमोर!”

गंगाबाई पदराने चष्मा पुसत राहिल्या. साहेबांनी तेव्हाच मनाशी ठरवलं की आकाश कोसळलं तरी हे काम चुकायचं नाही.

आता राहिलं होतं एकच. कॉम्प्युटरने ती फिल्म पक्की करून डीव्हीडीवर चढवण्याजोगी करायची. सकाळी दहाला मोनालीने बटण दाबलं. स्क्रीनवर हिरवी पट्टी आली आणि खाली आकडा आला, उरलेला वेळ सहा तास.

“पप्पा, चार वाजता हे आपोआप पूर्ण होईल. मग मी शिकवलीय तशी डीव्हीडी राईट करायची आणि सहाच्या आत हॉलवर आणायची. तोपर्यंत फक्त बसायचं.”

“बसायचं म्हणजे काय करायचं?”

“काही करायचं नाही. त्यालाच बसणं म्हणतात.”

“पण लक्ष—”

“लक्ष लांबून ठेवायचं. हात लावायचा नाही!”

भावनावहिनी सकाळीच हॉलवर गेल्या होत्या. मोनाली पार्लरला, आणि तिथून गव्हाणला आजीला आणायला निघून गेली. घरात राहिले साहेब आणि ती हिरवी पट्टी.

साहेब बसले. दहा मिनिटं बसले. हिरवी पट्टी मुंगीच्या पायाने सरकत होती. साहेबांनी पेपर वाचला, पेपरची घडी घातली, आधीच्या आठवडाभराच्या पेपरांच्या घड्या घातल्या. पट्टी तिथेच! शेवटी त्यांना आठवलं की मशीन किती लोडवर चाललंय ते दाखवणारा एक तक्ता असतो. टास्क मॅनेजर! नावातच मॅनेजर. म्हणजे हे तर आपलंच खातं. नुसतं बघायला काय हरकत आहे? बघणं म्हणजे काही हात लावणं नव्हे.

साहेबांनी तक्ता उघडला आणि त्यांचं डोकं फिरलं.

पंचवीस टक्के!

चार चौकोन होते. कारण प्रोसेसरमध्ये चार कोर होते, आणि चार कोरचाच हवा म्हणून साहेबांनी दुकानात हट्ट धरला होता. पहिल्या चौकोनातली रेघ छताला टेकली होती. उरलेल्या तिघांच्या रेघा जमिनीवर आडव्या. एकदम आडव्या! जेवणानंतर गोडाऊनच्या सावलीत कामगार पडतात तशा.

हे दृश्य साहेबांनी चोवीस वर्षं पाहिलं होतं. त्यांच्या शिफ्टला काळूराम नावाचा एक गडी होता, चार माणसांचं काम एकटा ओढायचा. त्याच टोळीत रामू, बाळ्या आणि सुरज असे तिघे होते, ते त्याला ओढताना बघायचे. साहेबांनी स्क्रीनवरच्या पहिल्या चौकोनावर प्रेमाने बोट ठेवलं.

“शाब्बास, काळूराम!” ते म्हणाले. मग उरलेल्या तिघांकडे वळले. “आणि तुम्ही रे? आज माझ्या सासूचा पंचाहत्तरावा आहे, लाज नाही वाटत?”

तिघांना वाटली नाही.

साहेबांनी एसटी स्टँडजवळच्या प्रितेशला फोन लावला. कॉम्प्युटर त्याच्याच दुकानातून घेतला होता.

“प्रितेश, तू दिलेल्या मशीनचे तीन कोर डेड आहेत!”

“काका, रविवार आहे.”

“रविवारचं काय? काळूराम पळतोय ना रविवारी!”

“कोण काळूराम?”

“ते सोड. पंचवीसच्या वर जातच नाही प्रोसेसर.”

“काका, प्रोसेसर एकदम टकाटक आहे. ते फिल्मचं सॉफ्टवेअर जुनं असणार. ते एकाच कोरवर चालतं. बाकीचे फ्री राहतात.”

“फ्री? म्हणजे तिघांचा पगार मी फुकट देतोय?”

“पगार कुठे काका—”

“मग ते तीन काढून घेऊन जा!”

“ते सुटे निघत नाहीत! असं समजा, भाजी चिरायला एकच विळी आहे. चार बायका बसवल्या तरी चिरणार एकच ना? हां, चार वेगवेगळी कामं दिलीत तर चारही चालतील. पण काका, आता फिल्म चालू असताना तुम्ही काही—”

साहेबांनी फोन ठेवला होता. त्यांना हवं ते मिळालं होतं. चार वेगवेगळी कामं! मग आधी नाही का सांगायचं?

त्यांनी व्हायरस शोधायचं काम लावलं. दुसरी रेघ टणकन उभी राहिली. पन्नास टक्के! साहेबांनी टाळी वाजवली. मग पुतण्याच्या हळदीचा व्हिडिओ लावला, साठ टक्के! मग गाणी, मग पत्त्यांचा डाव, मग कॅल्क्युलेटर उघडून त्यात नऊ नऊ नऊ नऊचा गुणाकार. कॅल्क्युलेटरने फारसा लोड घेतला नाही. उत्तर देऊन परत हात जोडून बसला.

“सुरज, तुझं काय दुखतंय रे?” साहेब चौथ्या चौकोनावर ओरडले.

हा आवाज ऐकून समोरच्या फ्लॅटमधले अविनाश सावंत आले. ते विमा एजंट. कॉम्प्युटरबद्दल त्यांना एकच गोष्ट येत होती, पण ती पक्की येत होती.

“रिफ्रेश मारलंत का?” त्यांनी दारातूनच विचारलं.

“त्याने काय होतं?”

“फ्रेश होतं!”

सावंतांनी खुर्ची ओढली, माऊसचा ताबा घेतला आणि सात वेळा रिफ्रेश मारलं. मग दोघांनी मागे सरून, डोळे बारीक करून पाहिलं. काही फरक नव्हता.

“पूजा केलीय ना याची?” सावंतांनी विचारलं.

“दसऱ्याला केलीय. तो बघा डब्यावर स्वस्तिक.”

“मग पुन्हा मारतो.”

आठव्यांदा रिफ्रेश मारताना सावंतांची नजर हिरव्या पट्टीकडे गेली. “घरतसाहेब, इथे किती तास राहिले म्हणालात?”

“साडेबारा झालेत. म्हणजे साडेतीन तास.”

“इथे नऊ दिसतायत.”

नऊ! नऊ तास म्हणजे साडेनऊ. तोवर लोक मटण खाऊन, बडीशेप चघळत आपापल्या घरी गेलेले असणार. तिघा रिकाम्यांना काम लावलं खरं, पण त्यांनी कामाला लागण्याऐवजी काळूरामच्याच पायात पाय घातले होते!

“बंद करा! सगळं बंद करा!” साहेब ओरडले.

“काय काय?”

“सगळं!”

मग दोन माणसं एका माऊसवर तुटून पडली. गाणी बंद झाली. हळद बंद झाली. पत्ते बंद झाले. व्हायरसवाला ‘नक्की थांबवू का?’ विचारत होता, त्याला ‘हो’ म्हटलं. लगेच दुसऱ्या एका खिडकीने विचारलं, ‘नक्की थांबवू का?’ सावंत म्हणाले, “किती वेळा विचारतो हा!” आणि साहेबांनी त्यालाही ‘हो’ म्हटलं.

हिरवी पट्टी गेली.

नुसती गेली! तिथे आता मोनालीने लावलेलं गणपतीचं चित्र होतं. टास्क मॅनेजरमध्ये चारही रेघा जमिनीला लागल्या होत्या. शून्य टक्के. काळूरामसुद्धा आडवा झाला होता.



“रिफ्रेश...” सावंत पुटपुटले.

“सावंत, एक शब्द नाही!”

साहेब खुर्चीत कोसळले. घड्याळात बारा चाळीस. पुन्हा लावलं तर सहा तास, म्हणजे सहा चाळीस. वर डीव्हीडीचा अर्धा तास. जेवण साडेसातला. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर गंगाबाई आल्या, नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसलेल्या, पांढऱ्या पडद्याकडे बघत. एकवीस वर्षांत एकदा मागितलं म्हातारीने! एकदाच! आणि आपण काय केलं, तर रामू-बाळ्याला वळण लावत बसलो. साहेबांना खरंच रडू आलं. सावंतांनी त्यांना पाणी आणलं आणि स्वतःच पिऊन टाकलं.

पण चोवीस वर्षं तळोज्यात काढलेला माणूस असा हरत नाही. साहेब ताडकन उठले.

“सावंत! टँकर रिकामा करायला एक गडी सहा तास लावतो. तर काय करायचं?”

“टँकर परत पाठवायचा.”

“चार नळ लावायचे, चार! फिल्मचे चार तुकडे करायचे. प्रत्येकाला एक तुकडा. हे सॉफ्टवेअर चार वेळा उघडायचं!”

सावंतांनी आ वासला. वाचकहो, खरं सांगायचं तर कल्पना चांगली होती. मोठ्या कॉलेजात शिकलेल्यांनाही चटकन सुचली नसती. साहेबांनी अठ्ठेचाळीसला चाराने भागलं आणि घड्याळ लावून दर बारा मिनिटांनी फिल्म कापली. आत काय आहे ते बघितलंही नाही. सुपरवायझरने कोणाच्या वाट्याला काय आलं ते बघू नये, सारखं वाटावं. मग सॉफ्टवेअर एकदा उघडलं, दोनदा उघडलं, तीनदा, चारदा. चार हिरव्या पट्ट्या शेजारी शेजारी लागल्या. सव्वा वाजता साहेबांनी देवाचं नाव घेऊन टास्क मॅनेजरकडे पाहिलं.

पहिली रेघ वर गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. चौथी जरा घुटमळली.

“चल सुरज, चल राजा...” साहेब गदगदून म्हणाले.

चौथीही छताला टेकली! शंभर टक्के!

काय सांगू तो आनंद! घरतसाहेब आणि सावंत यांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली. साहेबांनी देव्हाऱ्यापुढे साखर ठेवली, उरलेली सावंतांच्या तोंडात घातली. प्रितेशला फोन करून ‘शंभर! शंभर!’ एवढंच ओरडून फोन ठेवला. डब्यातला पंखा घाटात चढणाऱ्या एसटीसारखा घोंघावत होता. साहेबांनी डब्याचं झाकण काढलं, टेबलफॅन आणून समोर लावला, आणि दोघे जण स्वतः वर्तमानपत्राने वारा घालत घामाने निथळत उभे राहिले. चार चौकोन, चारही भरलेले, एकही रिकामा नाही. आयुष्यात असं दृश्य एकदा तरी दिसावं, असं साहेबांना वाटत आलं होतं.

दोन वाजता पहिला तुकडा तयार होऊन बाहेर पडला. आता त्याला नाव द्यायचं होतं.

“काय देऊ?” सावंतांनी विचारलं.

“त्यात काय विचारायचं? जो माल आधी तयार, तो बॅच नंबर एक!” साहेब म्हणाले. कारखान्यात तसाच नियम होता. जो ड्रम आधी भरला त्यावर एक नंबर, तो गाडीत आधी चढणार. चोवीस वर्षांत या नियमाने एकदाही गोंधळ झाला नव्हता, कारण ड्रममध्ये सगळीकडे एकच रसायन असायचं.

पावणेतीनला दुसरा तुकडा आला, त्यावर दोन नंबर पडला. पावणेचारला तिसरा. उरलेला एक मात्र रेंगाळला. मोनालीने त्यात गुलाबाच्या पाकळ्या, धूर, झगमगत्या चांदण्या असं काय काय घातलं होतं, देव जाणे! चार वाजून पन्नास मिनिटांनी तोही आला आणि त्याला चार नंबर मिळाला. चारही तुकडे नंबरवार जोडून डीव्हीडी राईट व्हायला लागली.

“एकदा लावून बघायची का?” सावंतांनी उगाच विचारलं.

“वेळ कुठंय? आणि शंभर टक्क्यांनी केलेला माल तपासायचा नसतो!”

पावणेसहाला साहेब गरम डीव्हीडी छातीशी धरून रिक्षात बसले. ‘बघितलंत? जे सहा तासांचं काम होतं ते आपण साडेतीन तासांत काढलं,’ असं त्यांनी रिक्षावाल्याला फाटकापासून हॉलपर्यंत दोनदा सांगितलं.

हॉल भरलेला होता. मटणाचा वास सुटला होता. गंगाबाई हिरव्या लुगड्यात पहिल्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी मोनाली. मोनालीने हाताने काहीतरी खूण केली, पण साहेब थांबले नाहीत. थेट प्लेअरपाशी गेले, डीव्हीडी सरकवली आणि माईक हातात घेतला.

“आई, दिलेला शब्द पुरा करतोय!”

दिवे गेले. बासरी वाजली. अतिशय करुण बासरी. आणि भिंतीएवढा मोठा, हार घातलेला, समोर उदबत्ती लावलेला जोमाबाबांचा फोटो आला. खाली अक्षरं होती, ‘आम्हाला सोडून गेलात...’

दोघे-तिघे चटकन उभे राहिले आणि डोकी खाली घातली. मागून जोमाबाबांच्या बहिणीने, साळू आत्तेने हंबरडा फोडला.

“दादा रं माज्या! अकरा वरसं जाली रं!”

भावनावहिनी कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे बघत होत्या. साहेबांच्या कानशिलांवरून घाम वाहू लागला. त्यांना आत्ता कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. फिल्मच्या शेवटच्या बारा मिनिटांत पाकळ्या नव्हत्या, धूर नव्हता, नुसतं साधं चित्रण होतं. तो तुकडा सर्वांत हलका होता, म्हणून आधी तयार झाला! फिल्म शेपटाकडून निघाली होती!

बासरी संपली. नातवंडं आली, बारशी झाली, कालपरवाच्या गंगाबाई आल्या. आणि बाराव्या मिनिटाला पडद्यावर भल्या मोठ्या अक्षरांत आलं, ‘धन्यवाद! सर्वांनी जेवून जावे, ही विनंती.’

एवढं वाचायची खोटी! मागच्या दहा रांगा उठल्या. रविवार, मटण आणि लेखी विनंती, मग कोण थांबतो? खुर्च्या सरकल्या, चपला शोधल्या गेल्या, ताटं वाजू लागली. “अजून भाकऱ्या झाल्या नाहीत!” असा केटररचा आर्त आवाज आला.

तेवढ्यात पडद्यावर ढोल-ताशे कडाडले.

सगळे जागच्या जागी थांबले. वळून बघतात तर फेटा बांधून, हात हलवत, ढांगा टाकत, खुद्द जोमाबाबा पडद्यावर चालत येत होते! मघाशी हार घातलेला माणूस!

“अगो बाय!” साळू आत्ते ओरडली. “आला! माजा दादा परत आला!”

आणि त्यानंतर जे सुरू झालं ते कोणी आजवर पाहिलं नव्हतं. जोमाबाबांच्या डोक्यावरचे पांढरे केस काळे झाले. पाठ ताठ झाली. खेकड्या-चिंबोऱ्यांची टोपली हातात घेऊन हसले. भावनावहिनी लग्नातून एकदम पाळण्यात गेल्या. बाशिंग बांधलेले जोमाबाबाही आले, शेजारी पंधरा-सोळा वर्षांच्या गंगाबाई, मान खाली घालून. ताटं घेऊन उभे असलेले लोक ताटांसकट परत खुर्च्यांवर येऊन बसले. कोणी शिट्टी मारली, कोणी टाळ्या वाजवल्या. आणि अगदी शेवटी, गुलाबाच्या पाकळ्या, धूर आणि चांदण्यांमधून एक आठ-दहा वर्षांची पोर उगवली. जत्रेतल्या फोटोवाल्याच्या रंगवलेल्या मोटारीत बसून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलेली, डोळे वटारून पुढे बघणारी.

तिथेच फिल्म थांबली.

दिवे लागले. साहेब खांबाच्या आड उभे होते. खांब बारीक होता आणि साहेब नव्हते, म्हणून गंगाबाईंना ते लगेच दिसले.

“जावयबापू, हकडे या.”

साहेब गेले. आता काय ऐकावं लागणार, याची त्यांनी मनाशी तयारी केली होती. गंगाबाईंचा चेहरा ओला होता आणि त्या हसत होत्या, दोन्ही एकदम.

“पयला यांना मारलंव,” त्या म्हणाल्या. “माजा जीव गेला तवा. मंग जिते केलंव. चालवलंव. तरणे केलंव. नि मना कुवारी करून मोटारीत बसवलंव!” त्यांनी साहेबांच्या गालावरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. “जलमल्यापासून जे जालं ते मना ठावंच हाय. असं कवा नाय बगितलं. परत लाव!”

टाळ्यांनी हॉल दणाणला. साळू आत्तेने साहेबांची दृष्ट काढली. गव्हाणचे दोन म्हातारे पुढे आले, आणि आमच्या आयेचा पण असाच उलटा पिक्चर बनवून द्या, म्हणून मागे लागले. घरतसाहेबांची छाती हळूहळू फुगू लागली. फुगता फुगता ती पूर्ण भरली, तेव्हा मोनाली शेजारी येऊन उभी राहिली.

“पप्पा, हे तुम्ही ठरवून केलंत?”

“म्हणजे काय! फ्लॅशबॅक म्हणतात त्याला. एडिटिंग आहे ते. शंभर टक्क्यांवर केलंय, शंभर!”

मोनालीने पर्समधून एक डीव्हीडी काढली आणि त्यांच्यासमोर धरली.

“ही काय?”

“फिल्म. सरळ. जरा कमी क्वालिटीची, पण कालच काढून ठेवली होती. तुम्ही घरी एकटे असणार म्हटल्यावर मी काय रिकाम्या हाताने येणार होते?”

साहेबांनी डीव्हीडी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

“म्हणजे फिल्म आधीच तयार होती?”

“हो.”

“मग मला सकाळपासून त्या मशीनसमोर बसवलं कशाला?”

मोनालीने आईकडे पाहिलं. भावनावहिनींनी पाहुण्यांकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

“अहो, मागच्या वर्षी पुतण्याच्या साखरपुड्याला तुम्ही सकाळपासून हॉलवर होतात. सनईवाल्याला कांदे सोलायला बसवलंत. भटजींना खुर्च्या मांडायला लावल्यात. केटरर मधेच निघून गेला, आठवतंय ना? आज आईचा दिवस होता. म्हटलं, तुम्हाला घरीच काहीतरी काम द्यावं, म्हणजे इकडची माणसं आपापलं काम करतील.”

मग घरतसाहेब जाऊन मटणाच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहिले.